ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं बेअरिंग झिजलं की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअरबॉक्समधून आवाज येतो म्हणून लिहिणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा बंद डबा) आणि प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती छोटे प्लॅनेट गिअर असलेला संच) असलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इथे गृहीत धरला आहे. एएमटी (मशीनने गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) असेल तर प्रश्न १८ पाहा. एक विनंती आधीच करतो: आवाज कोणत्या शाफ्टबरोबर फिरतो हे ठरल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. टेबलावर खोलून ठेवलेला गिअरबॉक्स आवाज करत नाही, त्यामुळे ती माहिती मग कायमची जाते.

१. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बेअरिंग असतात तरी कुठे?

वाटतात त्यापेक्षा बऱ्याच जागी. मागच्या टोकाला आउटपुट शाफ्टवर बहुधा एक मोठं बॉल किंवा रोलर बेअरिंग असतं. पंप, ड्रम आणि प्लॅनेटरी संच यांच्या मध्ये चपटी थ्रस्ट नीडल बेअरिंग असतात. तिरक्या दातांचे गिअर जोर आला की एकमेकांना शाफ्टच्या दिशेने ढकलतात. तो रेटा ही चपटी बेअरिंग घेतात. प्रत्येक प्लॅनेट गिअर आपल्या पिनवर बारीक नीडलच्या, म्हणजे सुईसारख्या रोलरच्या, आधाराने फिरतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या आतही थ्रस्ट बेअरिंग असतात. उरलेल्या बऱ्याच ठिकाणी बुश, म्हणजे छर्रे नसलेल्या साध्या गोल पट्ट्या, असतात आणि ते तेलाच्या थरावर चालतात. बुश झिजल्याची लक्षणं बरीचशी बेअरिंगसारखीच असतात, म्हणून खालच्या उत्तरांत जिथे फरक पडतो तिथे बुशचा वेगळा उल्लेख आहे.

२. हा आवाज बेअरिंगचाच आहे, हे कसं ओळखायचं?

बेअरिंगचा आवाज एखाद्या फिरणाऱ्या भागाच्या वेगाला चिकटलेला असतो. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. सुरुवातीला बारीक गुणगुण असते, मग घरघर, आणि शेवटी केज (छर्रे जागेवर धरणारा पिंजरा) तुटायला आली की खडखड. गिअरच्या दातांचा आवाज बहुतेक वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो. बेअरिंगचा तेवढा बदलत नाही. पंपाची शिट्टी इंजिनच्या वेगाबरोबर चालते आणि तेल कमी असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर वाढते. म्हणून पहिलं काम तेलाची पातळी तपासण्याचं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला, गाडी सपाट जागी उभी करून तपासा. थंड तेलावरचं माप ऑटोमॅटिकमध्ये फसवं ठरतं.

३. नेमकं कोणतं बेअरिंग गेलंय, हे गिअरबॉक्स न खोलता कळतं का?

पुष्कळ अंशी कळतं, आणि सगळ्या दुरुस्तीत जास्तीत जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं ठाम मत आहे. चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडवणी) लावा, पार्किंग ब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू देऊ नका. इंजिन आयडलवर पुरेसं आहे.

आधी न्यूट्रलमध्ये ऐका, मग ब्रेक दाबून ‘डी’ मध्ये टाका. न्यूट्रलमध्ये कन्व्हर्टरचा टर्बाइन (त्याच्या आतला, तेलाने फिरणारा पंखा) आणि त्याला जोडलेला इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर जवळजवळ त्याच वेगाने फिरत असतात. गाडी उभी ठेवून गिअर टाकला की टर्बाइन थांबतो, इनपुट शाफ्ट थांबतो, पण कन्व्हर्टरचं बाहेरचं कवच इंजिनबरोबर फिरतच राहतं. त्यामुळे न्यूट्रलमध्ये येणारा आवाज ‘डी’ टाकताच बंद झाला, तर संशय इनपुट शाफ्ट आणि त्याबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या बेअरिंगवर जातो. उलट न्यूट्रलमध्ये शांत आणि ‘डी’ मध्ये उभं असताना घरघर, तर ती बहुधा कन्व्हर्टरच्या आतल्या थ्रस्ट बेअरिंगची. टर्बाइन थांबला आणि कवच फिरतंय म्हटल्यावर त्या बेअरिंगला तेव्हाच खरं काम पडतं. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर पंप, कन्व्हर्टरच्या हबचा बुश, किंवा इंजिनवरचाच एखादा भाग बघा. पट्टा काढून अल्टरनेटर आणि पुली क्षणभर वगळून पाहणं सोपं आहे; ते आधी करा.

मग रस्त्यावर. प्रत्येक गिअरमध्ये आवाज ऐका आणि कोणता गिअर आहे ते लिहीत जा. डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे गुणोत्तर १:१ असताना, प्लॅनेटरी संच एकसंध होऊन फिरतो आणि प्लॅनेट गिअर आपल्या पिनवर फिरत नाहीत. अ‍ॅलिसन या कंपनीच्या १००० आणि ३००० मालिकेतल्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये हा चौथा गिअर. खालच्या गिअरमध्ये घरघर, डायरेक्टला एकदम शांतता आणि ओव्हरड्राइव्हला (त्याच्या वरच्या गिअरला) पुन्हा सुरू, असं झालं तर प्लॅनेट गिअरच्या नीडल बेअरिंगकडे बोट जातं. गिअर कोणताही असो, आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर आउटपुट शाफ्ट किंवा त्याच्याही मागचं काहीतरी आहे. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. ‘डी’ मध्ये टाकूनही काही फरक पडत नाही. चाचणी चुकतेय का?

चुकत असेलच असं नाही. काही गिअरबॉक्समध्ये ब्रेक दाबून उभं असताना इंजिनवरचा भार कमी करण्यासाठी कंट्रोलर क्लच सैल सोडतो. पाटीवर ‘डी’ दिसतो, पण आतून गिअरबॉक्स जवळजवळ न्यूट्रलमध्ये असतो आणि टर्बाइन फिरतच राहतो. अशा गाडीत प्रश्न ३ मधली पहिली चाचणी ‘आर’ मध्ये करून पाहा, किंवा स्कॅनरवर टर्बाइनचा वेग बघा. तो शून्यावर आलेला दिसला तरच चाचणी ग्राह्य धरा.

५. गिअरबॉक्स, सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल, हब. फरक कसा करायचा?

वळणावर आवाज वाढत किंवा कमी होत असेल तर हब बेअरिंग, कारण वळताना एका बाजूच्या चाकांवर भार जास्त येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, तर डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. प्रोपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचा रबर फाटला असेल तर गाडी सुटताना खालून धडधड जाणवते. हे सगळं बाजूला सारल्यावर आउटपुट बेअरिंग उरतं.

त्याची एक ठोस तपासणी आहे. गाडी सपाट जागी, चाकांना ओट, इंजिन बंद. प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि आउटपुट फ्लँज दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. फ्लँज टकटक वाजला, तर बेअरिंग किंवा मागचा बुश गेला आहे. ऑइल सील बदललं तरी थोड्याच दिवसांत पुन्हा गळतंय, ही तक्रार सोबत असेल तर शंका उरत नाही. शाफ्ट डोलत असेल तर सीलची कड त्याला धरून राहू शकत नाही.

६. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून काही कळतं का?

हो, आणि हे साधन लोक पुरेसं वापरत नाहीत. आवाजाचे हर्ट्झ दाखवणारं कोणतंही अ‍ॅप चालेल. समजा, त्या वेगाला आउटपुट शाफ्ट मिनिटाला १,५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. प्रोपेलर शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर कंप २५ हर्ट्झला दिसेल, क्रॉसचा, म्हणजे त्या शाफ्टच्या सांध्याचा, दोष असेल तर ५० ला. बेअरिंगमध्ये ९ छर्रे असतील तर बाहेरच्या रेसच्या (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्याच्या) दोषाचा ठोका साधारण ९० हर्ट्झला आणि आतल्या रेसचा १३५ च्या आसपास येतो. आडाखा असा: छर्र्यांची संख्या गुणिले शाफ्टचे सेकंदाचे फेरे, त्याच्या ०.४ पट बाहेरची रेस आणि ०.६ पट आतली. आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण छर्र्यांचा व्यास आणि कोन यांनी थोडा फरक पडतो. मात्र २५, ५० आणि ९० यांत गोंधळ होत नाही. मोबाईल ड्रायव्हरजवळ न ठेवता केबिनच्या फरशीवर, गिअरबॉक्सच्या बरोबर वर ठेवा आणि वेग अर्धा मिनिट एकसारखा राखा.

७. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडलं तर चुंबकावर राखाडी लेप दिसला. बेअरिंग गेलं का?

तेवढ्यावरून नाही. लोण्यासारखा मऊ, बोटावर चोळला तर टोचत नाही असा राखाडी लेप नेहमीच्या झिजेचा असतो. चिंता करायची ती चमकणाऱ्या टिकल्यांची, सुईसारख्या तुकड्यांची आणि पापुद्र्यांची. थोडा गाळ पांढऱ्या कागदावर घ्या, खालून चुंबक फिरवा. जे ओढलं जातं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. पिवळसर आणि न ओढलं जाणारं असेल तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर. पांढरट आणि हलकं, चुंबकाला न जुमानणारं, ते अ‍ॅल्युमिनियम. केसिंग किंवा पंपाचा भाग घासतोय. काळा भुसा क्लच प्लेटचा. तेल दुधाळ दिसत असेल तर कूलरमधून पाणी शिरलंय, आणि मग बेअरिंगच्या आधी कूलरचा बंदोबस्त करावा लागेल. फिल्टरही कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. चेंबरमध्ये न सापडलेला चुरा तिथे सापडतो.

८. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. मग गिअरबॉक्स ठीक आहे ना?

नाही. बेअरिंगवर सेन्सर नसतो. कोड येतो तो बेअरिंग इतकं सैल झाल्यावर की शाफ्टवरची दातेरी चकती सेन्सरपासून जवळ-दूर होऊ लागते. तेव्हा इनपुट वेगासाठी पी०७१५ किंवा आउटपुट वेगासाठी पी०७२० दिसू शकतो. क्लच घसरू लागला तर गुणोत्तर चुकल्याचा पी०७३०. सेन्सर बदलूनही पी०७२० परत येत असेल, तर तिसरा सेन्सर आणण्याआधी प्रश्न ५ मधली फ्लँजची तपासणी करा.

९. अशी गाडी आणखी किती दिवस चालवता येईल?

दिवसांत उत्तर देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. बेअरिंगचा पापुद्रा सुटला की तो तेलाबरोबर फिरतो. फिल्टरमध्ये अडकला नाही तर व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात), क्लचमध्ये आणि दुसऱ्या बेअरिंगमध्ये जातो. आज एका बेअरिंगचं असलेलं काम उद्या सगळ्या बॉक्सचं होतं. नुसती गुणगुण असेल आणि चेंबर स्वच्छ असेल तर रिकामी गाडी कमी वेगाने वर्कशॉपपर्यंत नेणं चालेल. पोलादाचे तुकडे दिसले असतील, घरघर खडखडीवर गेली असेल किंवा फ्लँज हलत असेल तर गाडी उचलून न्या. ओढून नेताना प्रश्न १६ वाचा, त्यात बॉक्स वाचण्याचा किंवा जाण्याचा फैसला आहे.

१०. दाट तेल किंवा अ‍ॅडिटिव्ह घातलं तर आवाज बसेल का?

आवाज थोडे दिवस दबेल, खड्डे भरणार नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल क्लच दाबतं, व्हॉल्व्ह हलवतं आणि कन्व्हर्टर चालवतं. त्याचा दाटपणा बदलला की शिफ्टिंग बिघडतं. बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रतीचंच तेल घाला, उदाहरणार्थ अ‍ॅलिसनने जिथे टीईएस ६६८ या मानकाचं तेल सांगितलं आहे तिथे तेच.

११. गिअरबॉक्स न उतरवता बेअरिंग बदलता येतं का?

फक्त मागचं, आणि तेही सगळ्या मॉडेलमध्ये नाही. ज्यात मागचं हाऊसिंग वेगळं बोल्टने लावलेलं असतं, त्यात आउटपुट बेअरिंग, बुश आणि सील गाडीवरच बदलतात. बाकी कोणत्याही बेअरिंगसाठी बॉक्स खाली घ्यावाच लागतो. मध्यम आणि मोठ्या ट्रकचा बॉक्स दीडशे ते अडीचशे किलो किंवा त्याहूनही जड असतो. ट्रान्समिशन जॅक आणि साखळी हवीच. साध्या जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून हे काम करू नका.

१२. जुनं बेअरिंग काढलं. ते फेकून द्यायचं का?

अजिबात नाही. ते धुऊन उजेडात बघा, कारण पुढचं बेअरिंग टिकणार की नाही हे त्यावर लिहिलेलं असतं. रेसवर पापुद्रे सुटून खड्डे पडले असतील आणि ते सगळीकडे सारखे असतील, तर बेअरिंगने आयुष्य संपवलं किंवा भार जास्त झाला. खड्डे एकाच बाजूला असतील तर शाफ्ट तिरका बसला होता. निळसर-तपकिरी रंग चढला असेल तर तेल पोहोचलंच नाही. त्या जागेचं तेलाचं भोक हवा मारून तपासा. विखुरलेले बारीक टोचे कचऱ्याचे. छर्र्यांच्या अंतरावर बरोबर उमटलेल्या खुणा म्हणजे कुणीतरी हातोड्याने ठोकून बसवलं होतं, किंवा उभ्या गाडीला दीर्घकाळ हादरे बसत राहिले. पत्र्याच्या छपरासारख्या उभ्या वळ्या दिसल्या तर त्यातून वीज गेली आहे (प्रश्न १७). बाहेरच्या रेसची बाहेरची बाजू चकचकीत घासलेली असेल तर ती केसिंगच्या भोकात फिरत होती. अशा वेळी नवीन बेअरिंग घातलं तरी तेही फिरणारच. केसिंगला स्लीव्ह मारा किंवा केसिंग बदला. भोकात पंचाने टोचे मारून बेअरिंग घट्ट करण्याची युक्ती मी कुणालाही सुचवणार नाही.

१३. नंबर तोच आहे, मग बाजारातलं बेअरिंग चालेल ना?

नंबर पूर्ण वाचा. ६२०८ मधले शेवटचे दोन अंक गुणिले ५ केले की आतला व्यास मिळतो, ४० मिमी. पण पुढची अक्षरं तितकीच महत्त्वाची. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. गरम शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या जागी साधं बेअरिंग घातलं तर ते आवळून तापतं. एनआर म्हणजे बाहेरच्या रेसला खाच आणि सर्क्लिप. ती नसेल तर बेअरिंग जागेवर अडणारच नाही. २आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग, उघड्या बेअरिंगच्या जागी घालू नका; गिअरबॉक्सचं तेल त्यातून वाहायला हवं. थ्रस्ट नीडल बेअरिंगच्या बाबतीत जाडीचा फरकही चालत नाही, कारण एंड प्ले (शाफ्टला पुढे-मागे सरकायला असलेली मोकळीक) त्यावर ठरतो.

१४. बेअरिंग बसवताना काय सांभाळायचं?

जी रेस घट्ट बसते तिच्यावरच दाब द्या. शाफ्टवर चढवताना आतल्या रेसवर, केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. छर्र्यांमधून दाब गेला तर नवीन बेअरिंगवर पहिल्याच मिनिटाला खुणा उमटतात. शाफ्टवर चढवायचं बेअरिंग ८० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, १२५ च्या वर कधीच नाही. गॅसची ज्योत तर मुळीच नको. इंडक्शन हीटर वापरलात तर शेवटी चुंबकत्व काढायला विसरू नका, नाहीतर तेच बेअरिंग तेलातला चुरा स्वतःकडे ओढत बसेल.

थ्रस्ट बेअरिंग जागेवर धरून ठेवायला पेट्रोलियम जेली लावा, ती तेलात विरघळते. साधं ग्रीस विरघळत नाही आणि फिल्टरकडे जातं. त्यांची दिशा खोलतानाच फोटो काढून ठेवा. उलटं बसलेलं थ्रस्ट बेअरिंग बॉक्स बंद केल्यावर दिसत नाही.

एंड प्ले डायल गेजने खोलण्याआधी मोजा आणि जोडल्यावर पुन्हा मोजा. आकडा त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, वेगवेगळ्या जाडीचे वॉशर किंवा शिम घालून तो जुळवा. कमी पडला तर बेअरिंग तापतं. जास्त झाला तर गिअर टाकताना दणका बसतो. शेवटी कन्व्हर्टर फिरवत आत ढकला आणि तो पंपात पूर्ण बसल्याची खात्री करा. तो अर्धवट बसलेला असताना हाऊसिंगचे बोल्ट आवळले तर पंप फुटतो. हाऊसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तिथेच थांबा.

१५. एकच बेअरिंग बदलू की सगळी? आणि नवीन घालूनही पुन्हा आवाज का येतो?

पोलादाचा चुरा तेलात फिरला असेल तर एकच बेअरिंग बदलणं म्हणजे काम अर्ध्यावर सोडणं. चुरा ज्या वाटेने गेला ती सगळी बेअरिंग बदला. कन्व्हर्टर बंद डबा असतो, तो धुऊन पूर्ण साफ होत नाही. नवीन किंवा कापून रीबिल्ड केलेला घाला. कूलर आणि त्याचे पाइप दोन्ही दिशांनी फ्लश करा, घाण निघत राहिली तर कूलर बदला. पुन्हा आवाज येण्यामागे बहुतेक वेळा हाच राहून गेलेला कूलर असतो.

दुसरं कारण जुळणीचं: इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिन गहाळ असणं, प्रोपेलर शाफ्टचा बॅलन्स गेलेला असणं. तिसरं भाराचं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर हिशेबाने त्याचं आयुष्य आठव्या भागावर येतं, रोलरचं साधारण दहाव्या. क्षमतेबाहेर माल भरण्याची सवय राहिली तर उत्तम बेअरिंगही टिकणार नाही. काम झाल्यावर कंट्रोलरचं जुनं शिफ्ट-लर्निंग पुसून नव्याने शिकवायला विसरू नका, नाहीतर शिफ्टिंगचे दणके बेअरिंगचे समजले जातात.

१६. गाडी ओढून आणल्यानंतरच आवाज सुरू झाला. योगायोग का?

योगायोग नव्हे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेल पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद ठेवून मागची चाकं रस्त्यावर टेकलेली ठेवून ओढली तर आउटपुट शाफ्ट आणि प्लॅनेटरी फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही. प्लॅनेटची नीडल आणि मागचा बुश सगळ्यात आधी जळतात. ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट किंवा एक्सल शाफ्ट काढा, नाहीतर मागची चाकं उचला. आधीच ओढली असेल तर इंजिन सुरू करण्याआधी चेंबर उघडून प्रश्न ७ प्रमाणे गाळ तपासा.

१७. चेसिसला वेल्डिंग केल्यावर घरघर येऊ लागली. संबंध आहे का?

असू शकतो. अर्थची क्लिप वेल्डिंगपासून लांब लावली तर करंट वाट शोधत गिअरबॉक्स आणि एक्सलमधून जातो आणि बेअरिंगच्या रेसवर बारीक चटके पडतात. क्लिप वेल्डिंगच्या जागेलगत लावा. बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर आधी सोडा.

१८. माझी गाडी एएमटी आहे. हेच सगळं लागू पडतं का?

प्रश्न ३ मधल्या चाचण्या नाही, बाकी बरंच. एएमटीच्या आत मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि शिफ्ट मशीन करतं. तिथे न्यूट्रलमध्ये, क्लच जोडलेला असताना घरघर येते आणि क्लच सुटला की थांबते, तर इनपुट किंवा काउंटरशाफ्टचं बेअरिंग. क्लच सुटतानाच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. टेपर रोलर असतील तर प्रीलोड (बसवतानाच बेअरिंगवर ठेवायचा दाब) शिमने जुळवावा लागतो, आणि तिथे अंदाज चालत नाही.

१९. आवाज फक्त पीटीओ (गिअरबॉक्समधून पंपासारख्या दुसऱ्या यंत्राला जोर देणारा जोड) चालू केल्यावर येतो. गिअरबॉक्स खोलू का?

आधी पीटीओच काढून बघा. गास्केट किंवा शिमने बसणाऱ्या पीटीओमध्ये दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.३० मिमी ठेवतात. कमी असेल तर शिट्टीसारखा आवाज येतो, जास्त असेल तर खडखड. पीटीओ काढल्यावर त्या खिडकीतून टॉर्चने आतला गिअर बघा आणि हाताने हलवून पाहा. तो डुलत असेल तर मात्र दोष बॉक्समध्ये आहे आणि प्रश्न ११ पासून पुढे वाचा.